घुमट खालूनच बघायचा

माझ्या मुलीने तिच्या सासूला फ्लोरेन्सला न्यायचं ठरवलं, आणि प्लॅन कोणी करायचा? तर मी! "अगं आई, तू ड्रॉइंग टीचर होतीस, तुला त्यातलं कळतं. दोनच दिवस आहेत, काय काय बघायचं ते ठरव ना," असं म्हणत नुपूरने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः मीटिंगला जाऊन बसली.

आता बोला!

इथे परदेशात, स्कोफिल्ड्सला लेकीच्या घरी, आम्हा आज्यांच्या पाळ्या असतात. काही महिने मी येऊन नातवाला सांभाळायचं, मग विहीणबाईंनी. मंजिरीताईंची पाळी संपत आली होती, माझी सुरू होत होती, आणि मधले थोडे दिवस आम्ही दोघी एकाच घरात होतो. माझ्या जावयाची, वरुणची, मिलानला कॉन्फरन्स निघाली. "आईंनी सोहमचं एवढं केलंय, तर त्यांना फ्लोरेन्स दाखवू आणि तिथूनच मुंबईच्या विमानात बसवू," असं नुपूरच्या डोक्यात आलं. आणि मी? मागच्या पाळीत मी काय झोपा काढल्या?

पुण्याच्या शाळेत मी अख्खी नोकरी चित्रकला शिकवली. दरवर्षी सातवीच्या फळ्यावर फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट काढायचे, लाल खडूने. मुलं विचारायची, बाई, तुम्ही पाहिलाय? मी म्हणायचे, बघणार आहे. नुपूर त्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. तिला हे आठवू नये? आणि मंजिरीताई! या बाईने आजवर सोहमचा एक फोटो धड काढलेला नाही. प्रत्येक फोटोत निम्म्या भागात हिचं बोट. ही फ्लोरेन्स बघणार आणि मी इथे बसून वरणभात कालवणार. माझा नुसता जळफळाट झाला.

मग केला प्लॅन. अगदी मन लावून केला. मंजिरीताईंचे गुडघे दुखतात हे मला चांगलं ठाऊक होतं. पहिल्या दिवशी सकाळी घुमटावर चढायचं, शेकडो पायऱ्या, लिफ्ट नाही. दुपारी शेजारचा घंटेचा मनोरा, तिथेही लिफ्ट नाही. संध्याकाळी नदीपलीकडच्या टेकडीवरून सूर्यास्त, तोही चालत जाऊन. चित्रांचं मोठं म्युझियम, जिथे निवांत बसता येतं, ते दुसऱ्या दिवशी तासाभरात उरकलं. चढा म्हटलं आता! निम्म्या जिन्यात बसकण मारतील, मग नुपूरला कळेल कोणाला न्यायला हवं होतं ते.

नुपूरने वाचलंही नाही. "थँक्स आई, यू आर द बेस्ट," म्हणत प्रिंट काढून फ्रिजवर लावली. मंजिरीताईंनी मात्र चष्मा लावून सगळं वाचलं आणि भाजी निवडायला बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाई दुपारच्या गायब व्हायला लागल्या. "जरा पाय मोकळे करून येते," म्हणायच्या आणि बऱ्याच वेळाने लालबुंद तोंडाने परतायच्या. माझ्या मनात लगेच आलं, खरेदी चाललीय. इटलीसाठी नवा कोट, नवे बूट, सगळं माझ्या लेकीच्या कार्डावर! तिसऱ्या दुपारी मला राहवेना. सोहमला प्रॅममध्ये घातलं आणि निघाले मागोमाग.

बाई गेल्या थेट स्टेशनवर. शेजारी लिफ्ट असताना जिन्याला लागल्या. कठडा धरून, आडव्या होत, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेल्या. वर पोचून ओढणीने तोंड पुसलं आणि पुन्हा खाली. पुन्हा वर.

"आजी टायर्ड," सोहम म्हणाला.

"अहो मंजिरीताई, हे काय चालवलंय?"

"अय्या, तुम्ही!" त्या दचकल्या. "काही नाही हो, सवय करतेय. तुमचा घुमट चढायचाय ना."

"माझा?"

"लग्नाच्या याद्या करायला बसलो होतो, तेव्हा सांगितलं होतंत. फळ्यावर काढते म्हणालात, एकदा त्याच्यावर उभं राहायचंय. मी नुपूरला म्हटलं, तुझ्या आईला ने, मी राहते अजून. तर म्हणाली, तुमचा व्हिसा संपतोय. मग ठरवलं, वर जाऊन तुम्हाला व्हिडिओ कॉल करायचा. तेवढं तरी बघाल."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आणि रागही आला. पोटच्या पोरीला आठवलं नाही, ते हिला आठवावं? आता हिचा धड हेवाही करता येईना!

"घुमट चढायचा नाही," मी म्हटलं.

"अहो, पण प्लॅनमध्ये..."

"प्लॅन चुकला. वर गेलं की घुमट दिसतच नाही, तो पायाखाली असतो. तो खालूनच बघायचा. समोर बसायचं, कॉफी घ्यायची आणि बघायचं."

"नक्की ना?"

"ड्रॉइंगच्या बाई तुम्ही की मी?"

त्या हसल्या. मी त्यांचा दंड धरून लिफ्टकडे नेलं. वरून येणारा फोन आता येणार नव्हता, आणि ते माझं मीच केलं होतं.

"मग खालून करते फोन," त्या म्हणाल्या.

"करा. आणि कॅमेऱ्यावरचं बोट तेवढं बाजूला ठेवा."