डबे कोणत्या गाडीत?

सगळ्या भावंडांनी चार दिवस एकत्र राहायचं, ही कल्पना धाकट्याची. ती निस्तरायचं काम मात्र, कुणी न सांगताच, ताईच्या गळ्यात पडलं. उभा जन्म हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळण्यात गेलेला. तिला सगळं जमतं, असं घरात ठरूनच गेलं होतं.

मळ्यांच्या मधोमध कुण्या श्रीमंताने बांधलेला तो प्रचंड बंगला आता पाहुण्यांना भाड्याने देत. आल्या आल्या खोल्यांवरून धुसफुस झाली. मधल्या बहिणीला जिना नको, वहिनीला उन्हाची खिडकी नको. उरली ती स्वयंपाकघरामागची, पूर्वी कपड्यांना इस्त्री करायची खोली. ताईने मुकाट्याने तिथे बॅग टेकवली.

तिसऱ्या दिवशी तळ्यावर जायचं होतं. ताईने पहाटे उठून अंडी उकडली, सँडविचं केली, डबे भरून पिशवी ओट्यावर ठेवली आणि जरा पाठ टेकायला म्हणून खोलीत गेली.

डोळे उघडले तेव्हा घर चिडीचूप होतं. अंगणात दोन्हींपैकी एकही गाडी नव्हती. काय झालं असेल ते तिला लगेच उमगलं. वॉर्डात एखाद्या पेशंटचं जेवण असंच राहून जायचं. एका पाळीला वाटायचं, दुसरीने दिलं असेल.

आता रडू येईल म्हणून ती वाट पाहत उभी राहिली. आलं नाही. मग दिवाणखान्यात जाऊन तिने मेहुण्यांनी पहिल्या दिवसापासून अडवलेली खिडकीजवळची आरामखुर्ची गाठली, पाय स्टुलावर टाकले आणि सावकाश एक अंडं खाल्लं. मग आणखी एक. फोन करायचं तिच्या जिवावर आलं.

जेवायच्या वेळेला फोन वाजला. धाकटा होता.

"ताई, डबे कोणत्या गाडीत आहेत गं? इथे पोरं भुकेने कालवा करताहेत."

"डबे इथे आहेत. ओट्यावर."

"ओट्यावर? मग तू कुठे आहेस?"

"मी पण इथेच आहे."

पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता.

तासाभरात दोन्ही गाड्या परतल्या. मधली आली ती गळ्यातच पडली. "मला वाटलं तू त्यांच्या गाडीत बसलीस!" ती हमसून हमसून रडायला लागली. सवयीने ताई तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. मग हात दुखायला लागला, तशी तिने तो खाली घेतला.

"रडू नकोस म्हणायचासुद्धा कंटाळा आलाय गं मला."

मधली बाजूला झाली. धाकटा चाचरत म्हणाला, "रागावलीस ना?"

"रागवायला अंगात त्राण लागतं रे. मी दमलेय. आजची नाही, आईच्या आजारपणापासूनची. ती गेली तेव्हा तुम्ही सगळ्यांनी रडून घेतलंत. मी आल्यागेल्याचा चहा करत होते."

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. त्या रात्रीचा भात खाली लागला होता. सगळ्यांनी निमूट खाल्ला. धाकट्याने ताईची बॅग वरच्या आपल्या खोलीत नेऊन ठेवली आणि स्वतः इस्त्रीच्या खोलीत झोपला. ताईने नको म्हटलं नाही.

सकाळी बाकीचे पुन्हा तळ्यावर निघाले, तेव्हा धाकटा मागे राहिला. "पाय दुखतोय," म्हणाला. कुठला पाय, ते ताईने विचारलं नाही.

दोघं पायरीवर बसली. बराच वेळ तो नखाने पायरीवरचं शेवाळ खरवडत होता. मग मान वर न करताच त्याने विचारलं, "ताई, आई शेवटी काही बोलली का गं?"

दोन वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"पाणी मागितलं," ताई म्हणाली. "मी आणायला उठले, तर म्हणाली, राहू दे, बस जरा." पुढचं तिला बोलवेना. गुडघ्यांत डोकं घालून ती रडू लागली, आणि धाकटा तिला खेटून बसून राहिला.