तपकिरीची ठेव

हरिहरला एल्‌एल्‌.एम. व्हायचं होतं, आणि तेही बँका व दिवाळखोरीच्या कायद्यात. ठाण्याच्या कोर्टात त्याचे सीनियर बांधाची भांडणं आणि भाऊबंदकी यांपलीकडचं काही हातात घेत नसत, आणि हरिहरच्या वाट्याला फक्त तारखा मागणं येई. इकडे कोलशेतकडे कारखान्यांची बोलणी चालली होती. नव्या पेढ्या उघडत होत्या, काही बुडतही होत्या. बुडणाऱ्याला वकील लागतोच, असा हरिहरचा हिशेब. त्याने मुंबईला अर्ज टाकला. जागा मूठभर, अर्ज पोतंभर, आणि मधे मुलाखत.

एवढ्यावर भागलं असतं, पण कल्याणहून प्रमोदिनीआत्या आली. ही हरिहरच्या वडलांची, म्हणजे भाऊंची, धाकटी बहीण. देवाशी कसं वागावं हे तिला देवापेक्षा जास्त कळे. पाटावर बसल्याबसल्या तिने निकाल दिला.

"नुसता नारळ ठेवून आजकाल काही होत नाही. प्रत्येकाने आपली आवडीची वस्तू देवाला सोडायची. हरीला प्रवेश मिळेपर्यंत तोंडाला लावायची नाही. मी कारलं सोडलं."

आत्याने जन्मात कधी कारलं खाल्लं नव्हतं, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. पण नणंदेला हे सांगणार कोण? हरिहरच्या आईने, सुमतीबाईंनी, निमूटपणे चहा सोडला. त्याबरोबर घरातल्या सगळ्यांचाच चहा बंद झाला, कारण स्वतः न पिता दुसऱ्यासाठी उकळत बसायला त्या काही संत नव्हत्या.

मग सगळ्यांच्या नजरा भाऊंकडे वळल्या. भाऊ कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. बंडीच्या खिशात तपकिरीची चांदीची डबी, आणि तिच्यावर कायम एक हात.

"मी सुपारी सोडतो," भाऊ म्हणाले.

"सुपारी तू खातोस कुठे? दादा, देवाला फसवू नये," कारलं सोडलेली आत्या म्हणाली.

भाऊंनी एकदा मुलाकडे पाहिलं, उठले आणि डबी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. आपल्यासाठी कोणी इतकं काही सोडलेलं हरिहरला आठवत नव्हतं. ही कृतज्ञता चार दिवस टिकली.

पाचव्या दिवसापासून भाऊ घरात मावेनात. तीस वर्षं जे नाक कामात होतं ते रिकामं झालं, आणि रिकामं नाक दुसऱ्याच्या कामात खुपसलं जातं. त्यांनी दूधवाल्याला दूध कसं घालावं ते शिकवलं. शेजाऱ्यांच्या दिनदर्शिकेतल्या चुका काढल्या. वर्तमानपत्रातल्या केसांच्या तेलाच्या जाहिराती मोठ्याने वाचून ते एकेक मुद्दा खोडून काढू लागले. घर पुरेना तेव्हा टेंभी नाक्यावर उभे राहून टांगेवाल्यांना हुकूम सोडू लागले. शेवटी धोंडीबा टांगेवाला कोर्टात हरिहरसमोर येऊन उभा राहिला.

"वकीलसायेब, एका म्हाताऱ्यावर मनाई हुकूम आणायचाय. आमच्या घोड्याला बी त्यो उजवीकडून चाल म्हंतोय."

"कोण म्हातारा?"

"तुमचेच वडील हायत. म्हनून म्हनलं, फी जरा कमी लावा."

हरिहरने त्याला पुढची तारीख दिली, आणि त्या दिवसापासून जीव तोडून अभ्यास केला. आता प्रश्न पदवीचा राहिला नव्हता. प्रवेश हुकला असता तर भाऊ शब्दाला जागून उरलेला जन्म बिनतपकिरीचे राहिले असते, आणि हरिहरला त्यांच्याच घरात राहायचं होतं.

मुलाखतीला तिघेजण होते. मधले प्रोफेसर लठ्ठ आणि गंभीर. एकच मालमत्ता दोघांकडे गहाण टाकली तर आधी हक्क कोणाचा, असा त्यांचा प्रश्न होता. हरिहरने झकास सुरुवात केली. एवढ्यात प्रोफेसरांनी खिशातून डबी काढली आणि चिमूटभर तपकीर नाकाला लावली. तो ओळखीचा वास आला मात्र, हरिहरचे डोळे भरून आले आणि गहाणाचा कायदा साफ पुसला गेला.

"काय झालं हो?"

"घर आठवलं, सर," हरिहर म्हणाला, आणि मग त्याच्याने राहवेना. आत्या, कारलं, चहा, टांगे, त्याने सगळं सांगून टाकलं.

प्रोफेसरांनी चष्मा वर केला. "तुमच्या वडलांचं आणि देवाचं नातं मग काय झालं? कायद्याच्या भाषेत सांगा."

"ठेवीदार आणि पेढी, सर. वडलांनी ठेव आधीच भरलीय. पेढीने अजून पावतीसुद्धा दिलेली नाही."

"आणि आत्या?"

"त्यांनी खोटं नाणं भरलंय, सर. पण रांगेत पहिला नंबर त्यांचाच."

"आणि पेढीने हात वर केले तर?"

"तर दिवाळं आमच्या घराचं निघेल. पेढी तिकडे वर आहे, सर. ठेवीदार माझ्या शेजारच्या खाटेवर झोपतो."

प्रोफेसर इतके हसले की हातातली तपकीर उधळली, आणि सवय नसलेले शेजारचे दोघे शिंकून शिंकून बेजार झाले. हरिहर निघाला तेव्हा प्रोफेसरांनी कागदाची एक पुडी बांधून त्याच्या हातात ठेवली. "मद्रासची आहे, जहाल. यादीत नाव लागलं तरच वडलांना द्या. आधी द्याल तर मुदतीआधी ठेव मोडल्यासारखं होईल."

यादी लागली, आणि हरिहरचं नाव तीत होतं. त्या दिवशी तो स्टेशनापासून घरापर्यंत चालत नव्हता, जवळजवळ धावत होता. आत्या बातमीसाठी सकाळपासूनच कल्याणहून येऊन बसली होती. आई डोळे पुसत आत गेली, चहाचं आधण ठेवलं आणि पिशवी घेऊन मागच्या दाराने बाजारात गेली. हरिहरने पुडी भाऊंच्या हातात दिली. त्यांनी चिमूट भरली.

"थांब, दादा," आत्या म्हणाली. "हा नुसता प्रवेश झाला. पास व्हायला दोन वर्षं आहेत. तेही आत्ताच देवाला बोलून टाकू. माझं कारलं मी पुढे चालू ठेवते."

भाऊंचा चेहरा पडला. चिमूट हवेतच राहिली. पण मुलाच्या बाबतीत मागे हटणं त्यांना माहीत नव्हतं.

"बरं," ते खोल आवाजात म्हणाले. "हरी पास होईपर्यंत मी..."

हरिहरला दोन वर्षांचे टांगे दिसले. त्याने सरळ वडलांचं मनगट धरलं आणि ती चिमूट त्यांच्या नाकाशी नेली. पूर्वीचं नाक असतं तर ढिम्म हललं नसतं, पण ते आता सवय विसरलं होतं. भाऊ असे शिंकले की देव्हाऱ्यातली घंटा वाजली.

बोलता बोलता शब्द अर्धा असताना शिंक. म्हणजे अपशकुन, बोललेलं बाद, हे आत्यानेच आजवर सगळ्या घराला शिकवलं होतं. तिचा चेहरा उतरला.

"पुन्हा बोलू, जरा वेळाने," ती म्हणाली.

"बोल ना," भाऊ म्हणाले आणि त्यांनी दुसरी चिमूट भरली. त्यानंतर आत्याने जितक्यांदा तोंड उघडलं तितक्यांदा भाऊ शिंकले, आणि दर शिंकेला त्यांचा चेहरा उजळत गेला. शेवटी आत्याने नाद सोडला आणि जेवायला बसली.

सुमतीबाई वाढायला आल्या. त्यांनी पदर सावरला आणि मोठ्या अदबीने आत्याच्या पानात डावभर भाजी वाढली.

"वन्सं, नवस फळला. सोडलेली वस्तू आधी खायची असते ना? पहिला घास तुमचा. सगळ्यांत कडू मी निवडून आणलीत."

आत्याने पानातल्या कारल्याकडे पाहिलं. मग मोठ्या आशेने भाऊंच्या नाकाकडे पाहिलं.

भाऊंना तेवढी शिंक आली नाही.