कोणी न झेललेली ओळ

मित्रांनो, आसेगावच्या देवळात खुंटीला एक जुनी खंजिरी दिसेल. झांजा गंजलेल्या, कडं हाताच्या घामानं काळं पडलेलं. तीच मी.

वाशीमच्या बाजारात भाजी विकायला आलेल्या इंद्रभाननं मला घेतलं. मेथीच्या रिकाम्या टोपलीत बसून मी गावात आले. दर गुरुवारी भजनाआधी तो मला चुलीच्या धगीवर धरायचा. कातडं तापलं, की माझा आवाज खुलायचा.

इंद्रभान भजनं स्वतः जुळवायचा. तो ओळ म्हणायचा आणि समोरचे ती झेलायचे, त्याच्यामागून उचलून म्हणायचे. ओळ अशी परत आली, की माझ्या झांजा आपोआप थरथरायच्या.

देवळावर कळस चढला, त्या वर्षी त्यानं महिनाभर खपून नवं भजन रचलं. शहरातले पाहुणे येणार म्हणून मोठमोठे शब्द घातले. त्यानं ओळ म्हटली, मी वाजले, पण समोरून काहीच आलं नाही. शेजारची अंजना पदर सारखा करत बसली. दुसऱ्यांदाही तेच. शेवटी एकट्यानंच भजन संपवून तो उठला.

त्याची बायको मनकर्णाबाई देवळातून आधीच घरी येऊन मेथीच्या जुड्या बांधत होती. त्यानं तिला विचारलं,

"काहून गप होत्या तुमी साऱ्या?"

"तुमचे शब्द तोंडात बसन तं म्हनू ना. अंजनाचे तं दात पडले असते."

"देवाले समजते सारं."

"मंग त्याले एकट्यालेच ऐकवा. आमाले कायले बोलावता वावरातून?"

त्यानं मला खुंटीला अडकवलं. अख्खा हिवाळा मी तिथंच. कातडं ढिलं पडलं. आता हा गाणार नाही, असंच मला वाटलं.

एका सकाळी तो मळ्यात पाणी वळवून आला. चिखलाच्या पायांनीच मला धगीवर धरलं आणि बायकोला म्हणाला, "पाह्य बरं, हे बसते का तोंडात."

वाफ्या वाफ्यानं फिरते पानी,
तसा फिर रे देवा मनी.

मनकर्णाबाईनं हातातली जुडी सोडली नाही, पण ओळ झेलली. गुरुवारी अख्ख्या देवळानं झेलली.

इंद्रभान जाऊन सहा वर्षं झाली; तेव्हापासून मी देवळातल्या खुंटीवर. आता देवळात स्पीकर लागतो. परवा वीज गेली, तेव्हा अंजनानं मला खाली काढलं. तिच्या मळ्यात आता ठिबक आहे. तिनं म्हटलं, "थेंबाथेंबानं मुरते पानी."

"चुकली वो अंजना," मागून कोणीतरी हसलं.

"म्हनू द्या तसंच," मनकर्णाबाई म्हणाली. "तिनं म्हनावं म्हनूनच केलं होतं त्याईनं."

मित्रांनो, मला नुसतं पुसून ठेवू नका. धग दाखवा, वाजवा. आणि स्वतः काही रचाल, तेव्हा समोर कोण बसलंय ते एकदा बघा. देवही त्यांच्यातच, मागच्या रांगेत, तुमची ओळ झेलायला बसलेला असतो.