रोल नंबर एकवीसची आई

आईच्या वेणीचं टोक रबरात अडकवून मुलीने तिला दोन उशांना टेकवून बसवलं आणि शाळेचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली तशी हनुवटी गळ्याशी दाबली. आवाज जाड निघायला एवढं पुरत असे.

“नमस्कार, बाई. मी आई बोलतेय. नववी ‘ब’, रोल नंबर एकवीसची. तुमची चिठ्ठी मिळाली.”

“बरं झालं पाचच्या आत फोन केलात. तब्येत कशी आहे?”

“माझी? छान. पोरगीच जरा नाजूक आहे.”

पलंगावरून आई तिच्याकडे पाहत होती. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी आईचा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. ऐकू सगळं येत होतं, कळतही होतं. बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवत; पंधरवड्यातून दोन दिवस घरी. बाकीचे दिवस तिच्या अंगावर. शाळेला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण आत्याने बजावून ठेवलं होतं, पोरीच्या शाळेतून एक जरी पत्र आलं तरी तिला मी माझ्याकडे नेणार आणि वहिनीला संस्थेत ठेवायचं. तेव्हापासून शाळेपुरती आई ठणठणीत होती. फक्त फोनवर भेटायची.

“नाजूक खरीच,” बाई म्हणाल्या. “या सत्रात चारदा ताप, तीनदा पोटदुखी. पायही दोनदा मुरगळला. एकदा उजवा आणि...”

“दोन्ही वेळा उजवाच,” ती घाईने म्हणाली.

“असेल. हजेरीपट समोरच आहे माझ्या. तारखा वाचते, तेवढ्या ताडून बघा. पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेलं की मुख्याध्यापकांचं पत्र घरी जातं, आणि ही अगदी काठावर आहे. तीन, चार, नऊ, चौदा...”

“चौदा? चौदाला मी आले होते! भूगोलाचा पेपर नव्हता का, तुम्हीच तर नकाशे...”

तिने जीभ चावली. पलंगावर आईने डावा हात उचलून कपाळावर मारून घेतला.

फोन ठेवून द्यावा, असं वाटलं. पण ठेवला तर पत्र, आणि पत्रामागोमाग आत्या.

“बरोबर,” बाई सावकाश म्हणाल्या. “चौदाला पेपर होता. चूक माझी.” कागदावर पेन ओढल्याचा आवाज आला. “खोडली. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत.”

बाईंचा सूर तसूभरही बदलला नव्हता.

“आता मी सांगते ते मुलीला सांगाल?”

“सांगते.”

“आमच्याकडे सात मुलं आहेत, घरी कुणाचं ना कुणाचं करून शाळेत येणारी. कुणाचे आजोबा, कुणाचा धाकटा भाऊ. त्यांना पहिल्या तासाला सूट असते, उशिराचा शेरा नाही. दप्तरात फोन चालू ठेवला तरी चालतो. बुडालेला अभ्यास दर बुधवारी मी घेते. त्यांची हजेरीही वेगळी धरतात, म्हणजे पत्राचा प्रश्न येत नाही. फक्त आम्हाला सांगावं लागतं.”

“आणि तुम्ही कुणाला सांगता?” हनुवटी केव्हाच वर आली होती; तिला पत्ता नव्हता. “आत्याबित्याला नाही ना कळवत?”

“आम्ही कुठली आत्या ओळखणार! मुख्याध्यापकांना सांगेन. आणि वडील घरी आले की त्यांनी एकदा मला भेटायचं. रविवारीसुद्धा चालेल.”

“हो.”

“मुलगी जवळ आहे का? तिच्याकडे द्या जरा.”

तिने आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांनीच खुणावलं. फोन तिने एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला लागेल इतका वेळही मध्ये जाऊ दिला.

“हॅलो, बाई.”

“जेवलीस का गं?”

उत्तर अगदी सोपं होतं. पण तोंड उघडलं तर ना आईचा आवाज फुटेना, ना स्वतःचा. खांदे तेवढे हलत राहिले. आठ महिन्यांत हे असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि थांबवावंसं वाटत नव्हतं.

आईने डावा हात पुढे केला. तिला आधी कळलंच नाही. मग आईने तो तसाच धरून ठेवला, तळवा वर करून, तेव्हा तिने फोन दिला.

आईने तो कानाला लावला. मग घशातून एक घोगरा, अर्धामुर्धा आवाज निघाला. आजवर घराबाहेरच्या कुणी तो ऐकला नव्हता.

“सावकाश बोला, ताई,” पलीकडून बाई म्हणाल्या. “मला घाई नाही.”