लाल बंड्यांवरचे पांढरे आकडे

आरमोरीच्या शाळेतल्या कबड्डीच्या पोरांसाठी शिवणकाम करणाऱ्या कुंताबाईनं सात लाल बंड्यांवर पांढरे आकडे शिवले. मग पाणी शिंपडून कोळशाची इस्त्री फिरवली, तर बंड्यांचा रंग सुटून सगळे आकडे गुलाबी झाले.

"पोट्टे परवा अहेरीले खेळाले चालले, बाई. असेच द्या," गुरुजी म्हणाले.

"नाई गुरुजी. माह्या हातून असं काम जाणार नाई."

दुखत्या मानेनं तिनं आकडे उसवले. पाणी स्वच्छ निघेपर्यंत बंड्या मिठात धुतल्या, खडखडीत वाळवल्या. नवे आकडे शिवून, वर धोतराचा कोरडा तुकडा टाकून, निवत आलेली इस्त्री दाबली. आकडे पांढरेच राहिले. आनंद करायचंही त्राण नव्हतं. कुंताबाई भिंतीला टेकली आणि बसल्या जागी झोपली.