पिण्यास योग्य

आमच्या गल्लीच्या पाण्यासाठी मी नगरपालिकेकडे सतरा अर्ज केले. पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं येतं तरी काय? नळ आठ दिवसांनी येतो. पाइप गटारातून आलेला, त्यामुळे पाण्याला रंगही असतो आणि वासही. दोन महिन्यांत गल्लीत पाच जणांना कावीळ झाली. शेजारच्या खतीजाबीची सून कहकशा गरोदर, सहावा महिना. अशात कावीळ झाली तर बाई आणि लेकरू दोघांच्याही जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून त्या घरात पाण्याचा एक जार येतो, फक्त कहकशापुरता. बाकीचे नळाचंच पितात.

सतराव्या अर्जावर पालिका जागी झाली. नमुना तपासू, पाणी खराब निघालं तर पाइप बदलू, असं लेखी उत्तर आलं. मी ते पत्र गल्लीभर मिरवलं.

नमुना घ्यायला दिपक नावाचे कर्मचारी आले ते नेमके नळ नसलेल्या दिवशी. खरं तर 'नळाच्या दिवशी या' म्हणायला हवं होतं, पण एवढ्या मुश्किलीनं आलेला सरकारी माणूस परत पाठवायचा मला धीर होईना.

"घरात भरून ठेवलं असेल ना नळाचं? तेच द्या," असं म्हणत त्यांनी खतीजाबीच्या हातात बाटली दिली आणि ओट्यावर टेकले. ती आत गेली. मी त्यांना माझे अर्ज तारखांसकट ऐकवत बसलो. बाटली भरून आली. पाणी जरा जास्तच नितळ वाटलं, पण तोवर माझा बारावा अर्ज रंगात आला होता.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. पाणी पिण्यास योग्य.

मी तपासणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. खतीजाबीचा मुलगा फहीम मात्र खूश झाला.

"काका, सरकारी शिक्का हाय. मंग जार काहून घ्यायचा?" म्हणत त्यानं जारवाल्याला फोन लावलासुद्धा.

"ठिव तो फोन," आतून खतीजाबी म्हणाली. ती बाहेर आली, पण माझ्याकडे बघेना. "बाटलीत जारचं पानी व्हतं."

"अहो, पण काहून?" मी ओरडलोच.

"काहून म्हंजे? पाव्हना दारात आला, त्याच्या हातात तसलं पिवळं पानी देऊ? काय म्हनंल तो, या बाईच्या घरी असलं पेतात?"

त्या दिवशी दिपकसाहेबांना प्यायला मीही कोपऱ्यावरून सीलबंद बाटली आणली होती.

पालिकेतले साहेब म्हणाले, नमुना चुकला असेल तर संबंधित महिलेनं तसं लिहून द्यावं. मी अठरावा अर्ज लिहिला आणि खतीजाबीची अब्रू राखायला त्यात 'अनवधानाने' हा शब्द घातला. तिनं तो वाचून घेतला.

"अनवधान म्हंजे काय, भाऊ?"

"चुकून."

"चुकून न्हाई दिलं. लाजंनं दिलं. तसंच लिवा. आन आमच्या घरचं पानी घान हाय, हे मोठ्या अक्षरात लिवा."

मी लिहिलं. तिनं खाली सही केली. मला माझ्या सतराही अर्जांची लाज वाटली, इतकं सरळ वाक्य त्यांत एकही नव्हतं.

पालिकेनं अर्ज ठेवून घेतला. नवा नमुना पुढच्या फेरीत, म्हणजे अडीच महिन्यांनी घेणार आहेत. कहकशाला आता सातवा लागलाय. नमुनेवाला आणि लेकरू, दोघं एकदमच येतील असं दिसतंय.