दुसरं पान

पहिला बार झाला तेव्हा गुंडेराव छातीएवढ्या पाण्यात होते. दुर्बीण भिजू नये म्हणून एक हात डोक्यावर धरून हा माणूस सरळ बेटाकडे निघाला होता, आणि बेटाभोवतीच्या पाच नावांतून पाच बंदुका रोखलेल्या होत्या. मी जागीरदारांच्या, म्हणजे आमच्या सरकारांच्या, नावेत मागे बसलो होतो. कुणाच्या बंदुकीनं काय पडलं ते लिहून घेणं हे माझं काम.

"वो कौन पागल है?" सरकारांच्या मुंबईच्या पाहुण्यानं विचारलं.

"अपनाच अहलकार है, हुजूर," सरकारांपुढं कागद ठेवणारे पेशकार म्हणाले. "हट जाता."

गुंडेराव हटले नाहीत.

हा सगळा प्रकार माझ्या लेखणीमुळे घडला, ते आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला धीर होणार नाही.

गुंडेराव आणि मी एकाच जागिरीच्या कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, शेजारशेजारच्या मेजांवर. दोघंही चिक्कडपल्लीत राहणारे. दर आठ दिवसांनी अंबरपेठेपलीकडच्या जागिरीच्या तळ्यावर जायचं आणि पाणी किती उतरलं ते टिपून आणायचं, हे त्यांचं काम. तिथं त्यांना मॅकफी नावाचा साहेब भेटला. तळ्याची पाणी सोडायची मोरी दुरुस्त करायला आलेला इंजिनियर. स्कॉटलंडच्याही पलीकडच्या एका बेटावरचा माणूस. त्या बेटावर म्हणे झाड नाही, नुसता वारा, समुद्र आणि पक्षी. त्याचा बाप ते पक्षी मारून खायचा. पुढं गावानंच ठरवलं की विणीच्या दिवसांत कड्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, आणि मुलगा पक्षी मोजायला लागला. मोरी झाली, साहेब गेला, जाताना दुर्बीण गुंडेरावांच्या गळ्यात अडकवून गेला.

तेव्हापासून यांना खोड जडली. आमच्याही तळ्यात एक बेट होतं, बाभळींनी भरलेलं, आणि थंडीत त्यावर रंगीत करकोच्यांची वस्ती पडायची. आठ वर्षं गुंडेरावांनी घरटं न् घरटं वहीत टिपलं. अंदाजानं एक आकडा लिहिला नाही. त्यांच्या पत्नी शांतावहिनी म्हणायच्या, "घरी जेवायला किती माणसं आहेत ते यांना ठाऊक नसतं, तिकडं करकोच्यांची पिल्लं मात्र तोंडपाठ."

त्या वर्षी त्यांच्या मनानं घेतलं की सरकारांना अर्जी करायची. पौष ते चैत्र बेटावर कुणी जाऊ नये, एवढंच मागणं. त्यांची उर्दू कामापुरती, माझी कचेरीत नावाजलेली, म्हणून अर्जी मी लिहिली. आणि आमच्या कचेरीची रीत अशी की अर्जीत मागणं कधी आधी येत नाही. आधी हुजूरांचं इक्बाल, म्हणजे त्यांच्या थोर भाग्याचं स्तवन, मग एखादी खुशखबर, मग पान उलटल्यावर हात जोडून विनंती. मी रंगात आलो. हुजूरांच्या इक्बालानं यंदा बेटावर तीनशे बारा घरटी झाली आहेत, पक्षी इतके की बाभळीची फांदी दिसत नाही, आणि असे निर्धास्त की माणूस दहा पावलांवर आला तरी उडत नाहीत. असं पहिलं पान मी झोकात भरलं.

गुंडेराव जरा घुटमळले. "माधवराव, मागणं आधी टाकायचं का?"

"तुम्ही पक्षी बघा," मी हसून म्हणालो. "कागद मला बघू द्या."

पेशकारांनी ती अर्जी सरकारांना न्याहारीच्या वेळी वाचून दाखवली. पहिलं पान संपलं आणि सरकार खूश झाले. शिकारीचे शौकीन पाहुणे यायचेच होते. नावांचा हुकूम सुटला, खबर देणाऱ्याला शाल फर्मावली गेली, आणि पान उलटायची गरजच कुणाला पडली नाही.

गुंडेराव पेशकारांच्या दारात तीन तास उभे राहिले. "जनाब, दुसरं पान तेवढं वाचा."

"हुकुम निकल गया, गुंडेराव. अब पन्ना पलटके क्या करना?"

म्हणून ते पाण्यात उतरले होते.

पहिल्या बारासरशी सगळं बेट उठलं. पंखांचा असा आवाज झाला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. बदकं असती तर निघून गेली असती. पण घरट्यांत पिल्लं होती. करकोचे वर जायचे, एक गिरकी घ्यायचे आणि पुन्हा आपल्याच घरट्यावर यायचे, आणि बंदुका तिथंच रोखलेल्या. नेम धरायचीसुद्धा गरज नव्हती. पंख मोडलेले पक्षी फांद्यांत उलटे लटकून फडफडत होते. एक मादी नावेच्या काठावर आदळली, तेव्हा नावाड्यानं वल्ह्यानं तिचं डोकं ठेचलं आणि ती पायाशी ओढून घेतली. पिल्लं पिकल्या फळासारखी टपटप पाण्यात पडत होती. ती मोजायची नाहीत, असं मला पेशकारांनी सांगितलं.

मी लिहीत होतो. एकवीस, सव्वीस, चौतीस. कागदावर रक्ताचे शिंतोडे उडाले, ते मी बाहीनं पुसले आणि पुढचा आकडा लिहिला. माझी मला आजही किळस येते.

गुंडेराव बेटावर पोचले. बाभळीखाली उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. ते काहीतरी ओरडत होते. माणूस मधे उभा राहिला की बंदुका थांबतील, असा त्यांचा साधा हिशेब असावा.

गुंडेरावांना पंतुलु म्हणणारा नावाडी एल्लय्या एकटाच ओरडला, "नक्को मारो सर्कार! पंतुलु खडे हैं उधर!"

सरकारांनी हात वर केला. तोवर पाहुण्यानं चाप ओढला होता. गुंडेरावांच्या डोक्यावरून उडणारा करकोचा खाली आला, आणि गुंडेरावही खाली बसले, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

एल्लय्यानं त्यांना पाठीवर घालून आणलं. डावा डोळा फुटला होता. गालात आणि कपाळात छर्रे रुतले होते. रक्त थांबेना. जवळ कापड नव्हतं म्हणून मी सरकारांच्या पेटीतून ती बक्षिसाची शाल काढली आणि त्यांच्या तोंडावर दाबून धरली. शालीखालून त्यांनी विचारलं, "किती?"

मी सांगितलं नाही. शिकार मात्र पुढं तासभर चालली.

नोकरी राहिली, डोळा गेला. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्याबरोबर दर आठ दिवसांनी मीही तळ्यावर जायला लागलो. पुढच्या थंडीत करकोचे आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. पौष लागला की पेशकारांची चिठ्ठी यायची, तळ्यावर काय आहे म्हणून, आणि गुंडेराव खरं तेच लिहून पाठवायचे, काही नाही.

तिसऱ्या पौषात चिठ्ठी खिशात घेऊनच आम्ही बांधावर बसलो होतो. त्यांच्या उरलेल्या डोळ्याला उन्हानं पाणी येत होतं. दुर्बीण माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "तुम्ही बघा. मला पांढरं काहीतरी वाटतंय."

मी बघितलं. मग कोपर गुडघ्यावर टेकून पुन्हा बघितलं.

"अकरा आहेत, गुंडेराव."

"नीट मोजा."

"अकराच. दोन घरटी आहेत. एकात एक बसून आहे, उठत नाही."

फुटक्या डोळ्यातूनही पाणी येतं, हे मी तेव्हा पाहिलं. मग उपरण्यानं तोंड पुसून त्यांनी पेशकारांची चिठ्ठी माझ्यापुढं ठेवली.

"लिहा, तळ्यावर काही नाही."

"गुंडेराव, तुमच्या हातून आजवर एक आकडा खोटा..."

"लिहा, माधवराव. आणि एकच ओळ लिहा. दुसरं पान नको."

मी एकच ओळ लिहिली. हुजूरांचं इक्बालसुद्धा घातलं नाही. गुंडेरावांनी कागद डोळ्याजवळ नेऊन ती वाचली, खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत तो हातात धरून बसले. स्वतःची वही त्यांनी पिशवीतून काढलीच नाही.